किनारा कासवांचा, माजघर पाहुण्यांचं

वेळासच्या किनाऱ्यावर आम्हाला एकही खुर्ची दिसली नाही. रंगीत छत्र्या नव्हत्या, भेळेची गाडी नव्हती, मोठ्या आवाजातली गाणी नव्हती. सुरूच्या झाडांतली पायवाट संपली की थेट वाळू आणि वाळूपलीकडे अरबी समुद्र. तरीही समुद्राचा इतका निवांत सहवास मला आजवर कुठे मिळाला नव्हता आणि कुठल्याच किनाऱ्यावर मी इतकं पोटभर, चवीचं जेवले नव्हते. खाणं आणि विसावा गावात, घराघरांतून. वाळू मात्र कासवांसाठी मोकळी. वेळासने ही वाटणी समजूनउमजून केली आहे. पाहुणा आणि कासव दोघंही तिथे सुखात आहेत ते या वाटणीमुळेच, असं मला तिथे राहून वाटलं.

कॅरिबियन बेटांवरच्या सुट्टीची छायाचित्रं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. पांढरी वाळू, हातात पेयाचा पेला, निळ्या पाण्यात तरंगणारं कासव. ती पाहून वाटायचं, खाणं, आराम आणि कासवं हे तिन्ही एका ठिकाणी हवं असेल तर सातासमुद्रापलीकडेच जायला हवं. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं एक गाव हे तिन्ही देतं, हे कळलं तेव्हा मी आईला म्हटलं, "चल, समुद्राची कासवं बघून येऊ."

आई सत्तरीची. पैनगंगेकाठच्या खेड्यात वाढलेली. नदीचं कासव तिला नवं नाही. उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूत कासवांची अंडी सापडायची, हे ती लहानपणापासून सांगत आली आहे. आम्ही आदिलाबादची माणसं. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात तेलुगू. पूर्वेचा समुद्र लांब आणि पश्चिमेचाही लांबच. आमचा मुलूख कापसाचा, तुरीचा, सागाच्या जंगलाचा. त्यामुळे समुद्र ही आमच्याकडे ठरवून, रजा काढून, डबे बांधून जायची गोष्ट आहे.

नंदीग्राम एक्स्प्रेसने किनवट, नांदेड, मनमाड करत आम्ही कल्याण गाठलं. तिथून पनवेल, माणगाव आणि मग श्रीवर्धनकडची वळणं घेत बागमांडला. आईने गाडीत शिदोरी उघडली ती थेट आमच्या घरची होती: ज्वारीच्या कडक भाकऱ्या, तिळाची चटणी, कांदा. माणगावनंतर खिडकीबाहेरचं सगळंच बदललं. काळी जमीन गेली, तांबडी माती आली. कापसाची शेतं गेली आणि डोंगरउतारावर काजू-आंब्याच्या बागा दिसायला लागल्या. मार्चचे दिवस होते. काजूच्या झाडांना पिवळी-लाल बोंडं लगडली होती.

बागमांडल्याला सावित्री नदी आडवी येते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. पलीकडच्या वेसवीला जायला फेरीबोट आहे; तिला इथले लोक जंगलजेट्टी म्हणतात. मोटारी, दुचाक्या, माणसं, पोती सगळं एकाच बोटीत चढतं. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि पाणी न्याहाळत म्हणाली, "आपल्या पैनगंगेवानीच हाय. दोन मुलखाच्या मधून वाहते."

वेसवीहून पुढे बाणकोट लागतं. खाडीच्या मुखावरचा किल्ला १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. किल्ल्याच्या तटावरून सावित्रीचं पाणी समुद्रात मिसळताना दिसतं. तिथून वेळास अगदी जवळ. पेशवाईचा कारभार सांभाळणाऱ्या नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. गावात त्यांचा पुतळा आहे. पण आज वेळासचं नाव घेतलं की लोकांना आठवतात ती कासवं.

आमची उतरायची सोय एका घरात केली होती. वेळासमध्ये पाहुणे राहतात ते गावकऱ्यांच्या घरीच. उतरत्या कौलांचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी. घरच्या काकूंनी ओसरीवर पाणी दिलं, मग कोकम सरबत, आणि आईला विचारलं, "मावशी, इतक्या लांबून आलात, आधी पडता का जरा, की पानं घेऊ?" आईने पानं घ्यायला सांगितली.

त्या दुपारचं जेवण मी इथे नीट लिहून ठेवते, कारण ते त्या मातीचं आणि त्या महिन्याचंच होतं. ओल्या काजूंची उसळ, जी मार्च-एप्रिलमध्येच मिळते. काजूगर सोलताना बोटांना चीक लागतो आणि त्याने कातडी भाजते, म्हणून सोलणाऱ्या बाया हाताला तेल लावून बसतात. कोवळ्या फणसाची भाजी, वर ओलं खोबरं. कुळथाचं पिठलं, तांदळाची मऊ भाकरी, गरम भात. वाटीत फिकट गुलाबी सोलकढी. आणि शेवटी उकडीचे मोदक, पाऱ्या इतक्या पातळ की आतला गूळ-खोबऱ्याचा रंग बाहेरून दिसावा. काकू वाढतच राहिल्या. "घ्या हो मावशी, एका मोदकाने काय होतंय? तूप घ्या वर."

आई आणि काकूंची गट्टी सोलकढीवरून जमली. आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच नाहीतर अंबाडी. कोकम आमच्या स्वयंपाकात नसतंच. आईने सोलकढी दोनदा मागून घेतली आणि म्हणाली, "गोडसर आंबट हाय वो हे. आमच्या अंबाडीले धार राहते, जिभेले लागते." मग तिने पिशवीतून वाळवलेली अंबाडी आणि तिळाच्या चटणीचा डबा काढून काकूंपुढे ठेवला. दोघी चुलीपाशी बसून बोलायला लागल्या. आमसुलं कशी करतात: पिकलेल्या रातांब्याची सालं बिया काढून उन्हात वाळवायची, त्यांना त्याच फळाचा रस पुन्हा पुन्हा लावायचा आणि पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे तो काळपट लाल रंग येतो. आईने सांगितलं अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून कशी शिजवतात. एकीचं आयुष्य भातावर गेलेलं, दुसरीचं भाकरीवर. दोघींनाही एकमेकींचा स्वयंपाक मनापासून ऐकायचा होता. घरात राहायला मिळाल्याचं खरं सुख मला तिथे कळलं. हॉटेलात पदार्थ मिळतो. तो कसा होतो, हे सांगणारं माणूस समोर बसत नाही.

दुपारी आम्ही वाडीत चटई टाकून पडलो. पोफळी इतक्या उंच आणि दाट की ऊन खाली पोहोचेपर्यंत मवाळ होतं. पाटाचं पाणी झाडाच्या आळ्यातून पुढे सरकत होतं. काही ठिकाणी वाडीत मोकळ्या जागा होत्या, त्यांत नवी रोपं लावलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनारपट्टीवर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळी आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न यायला काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे ज्या घरात आम्ही जेवत होतो त्या घराची एक मिळकत वादळाने काही वर्षांसाठी काढून घेतली होती. अशा वेळी पाहुण्यांचं येणं हा घरासाठी मोठा आधार असतो, हे काकांनी रोपांना पाणी घालता घालता सांगितलं.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. जाळीचं कुंपण घातलेली एक चौकोनी जागा, तिला सगळे हॅचरी म्हणतात. आत वाळूत ओळीने खड्डे, प्रत्येकावर बांबूची टोपली पालथी घातलेली आणि शेजारी अंडी कधी ठेवली, किती ठेवली याची पाटी. राखणीला गावातलेच तरुण, ते कासवमित्र. त्यांच्यातल्या एकाने आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं.

ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर मागच्या वल्ह्यांनी दीड-दोन फूट खोल खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून जागा सारखी करते आणि निघून जाते. पिल्लांशी तिची पुन्हा गाठ पडत नाही. अंडी उबवते ती वाळूच. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, आणि नर होणार की मादी हेही वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त, त्याखाली नर जास्त. म्हणून कासवमित्र पहाटे मादीच्या वल्ह्यांचा माग काढत घरटं शोधतात, अंडी हलक्या हाताने काढतात आणि हॅचरीत तितक्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात.

हे काम इथे २००२ मध्ये सुरू झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर अंडी काढून नेणं ही इथली जुनी रीत होती. काही खाल्ली जात, काही विकली जात, उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे, पण रात्री किनाऱ्यावर जागायला माणूसच लागतो. संस्थेने गावाला सोबत घेतलं आणि गावातलीच माणसं राखणीला उभी राहिली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे यायला लागले आणि त्यांच्यासाठी हॉटेलं न बांधता गावाने आपलीच घरं उघडली. आज वनविभाग, कांदळवन प्रतिष्ठान आणि ठिकठिकाणचे कासवमित्र कोकणच्या कितीतरी किनाऱ्यांवर हे काम करतात: आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, वायंगणी.

त्या संध्याकाळी टोपल्या उचलल्या, पण एकाही खड्ड्यातून पिल्लू वर आलेलं नव्हतं. कुणीही कुरकुर केली नाही. आई वाळूवर पाय पसरून बसली आणि सूर्य बुडेपर्यंत उठली नाही. अंधार पडला तसा किनारा खरोखरच अंधारला. एकही दिवा नाही. कासवमित्राने कारण सांगितलं. रात्री जन्मलेलं पिल्लू ज्या दिशेला उजेड जास्त, तिकडे चालतं. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असतो. मागे हॉटेलाचे किंवा रस्त्याचे दिवे असले तर पिल्लं उलटी जमिनीकडे चालतात आणि मरतात. अंडी घालायला आलेली मादीही उजेड-गोंगाट पाहून परत फिरते. म्हणून इथे वाळूवर खुर्ची नाही, टपरी नाही. हे ऐकल्यावर संध्याकाळपासून पाहिलेला तो रिकामा किनारा मला रिकामा वाटेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेलो. या वेळी कासवमित्राने एक टोपली उचलली आणि हात वर करून आम्हाला खूण केली. खालच्या वाळूत काळपट डोकी हलत होती. एकावर एक चढत, वाळू झटकत पिल्लं वर येत होती. चार-पाच सेंटिमीटरची, तळहातावर आरामात मावतील अशी. कासवमित्रांनी ती टोपलीत गोळा केली, मोजून वहीत नोंद केली आणि पाण्यापासून काही पावलं अलीकडे वाळूवर ठेवली. आम्ही सगळे दोरीमागे. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, पुढे जायचं नाही.

पाण्यात थेट का सोडत नाहीत, असं एका मुलाने विचारलं. तर ही चाल पिल्लांना हवी असते. याच वाटचालीत या किनाऱ्याची ओळख त्यांच्यात पक्की होते असं मानलं जातं, आणि मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला आपल्या जन्माच्या मुलखाकडे परततात. पिल्लं काही क्षण थबकली, मग वल्ही मारत निघाली. काही सरळ, काही वाकडी. एक पाण्यापर्यंत पोहोचलं आणि लाटेने त्याला दुप्पट अंतर मागे आणून टाकलं. ते पालथं झालं, वळवळत सरळ झालं आणि पुन्हा निघालं. वर ब्राह्मणी घारी फिरत होत्या. कासवमित्रांची नजर त्यांच्यावर. दुसऱ्या लाटेत ते पिल्लू गेलं ते गेलंच.

आईने सगळं पाहिलं आणि विचारलं, "यातली जगतात किती?" हजारात एखादं मोठं होतं, असं अभ्यासक मानतात. अंगातल्या उरलेल्या बलकाच्या जोरावर पिल्लू पहिला दिवस-दीड दिवस न थांबता पोहत राहतं, खोल पाण्यापर्यंत. पुढे मासे, जाळी, प्लास्टिक. आई बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणून एक एक अंडं राखलं पाहिजे." मला याहून नेमकं काही सुचलं नसतं.

समुद्रात गेलेल्या कासवांचं पुढे काय होतं, हे आता थोडंफार कळायला लागलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. त्याच मोहिमेत आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या आणखी तिघी होत्या. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत उलटीच बातमी आली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला लावला होता, ती मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं एकमेकांच्या समुद्रात ये-जा करतात, याचा हा धडधडीत पुरावा.

कॅरिबियनची आठवण मला इथे पुन्हा झाली. १५०३ मध्ये कोलंबसाची जहाजं आजच्या केमन बेटांजवळून गेली, तेव्हा तिथे इतकी कासवं होती की त्याने बेटांना कासवांचंच नाव दिलं. पुढच्या काळात खलाशांनी ती जिवंत जहाजांवर नेली, मांसासाठी मारली, आणि तिथली कासवं जवळजवळ संपली. त्याच समुद्रातल्या त्रिनिदादच्या मातुरा गावात मात्र १९९० पासून गावकरीच महाकाय लेदरबॅक कासवांची राखण करतात आणि पाहुण्यांना रात्री किनाऱ्यावर नेऊन ती दाखवतात. वेळास आणि मातुरा यांच्यात अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे, पण दोन्ही गावं एकाच निष्कर्षाला पोहोचली. अंडं विकून एकदाच पैसे मिळतात. कासव राखलं तर घराला दर वर्षी पाहुणा मिळतो.

निघायच्या दिवशी काकूंनी घावन आणि नारळाची चटणी खाऊ घातली, आमसुलांची पुडी बांधून दिली. परतीच्या गाडीत आमचं बोलणं सगळं आमच्या जिल्ह्याचं चाललं होतं. नेरडिगोंडाजवळचा कुंतालाचा धबधबा पाहायला पावसाळ्यात गाड्यांच्या रांगा लागतात. माणसं येतात, पाण्यापाशी पाकिटातलं काहीतरी खातात, रिकामी पाकिटं तिथेच टाकतात आणि संध्याकाळी परततात. टिपेश्वरच्या जंगलातले वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या बाजूला येतात, तेव्हा गावात फक्त धास्ती असते. कासव कुणाची गुरं मारत नाही, वाघ मारतो. हा फरक लहान नाही आणि तो विसरून चालणार नाही. तरी वेळासने एक गोष्ट लख्ख दाखवली आहे. जंगल किंवा समुद्र राखण्यात गावाच्या चुलीचा वाटा असेल, तर गाव रात्र रात्र जागतं.

आमच्याकडेही द्यायला पुष्कळ आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, मोहाच्या झाडांची सावली, पुष्य अमावास्येची केस्लापूरची नागोबा जत्रा आणि तिच्यासाठी गोदावरीचं पाणी आणायला पायी चालत जाणारं मेश्राम कुळ. पाहुण्याला रात्री ठेवून घेणारी, चुलीपाशी बसवून जेवू घालणारी घरं उभी राहायला हवीत. धबधब्याच्या आणि जंगलाच्या तोंडाशी टपऱ्या नकोत. जेवण आणि विसावा गावात असावा आणि रानाला त्याचा अंधार राखू द्यावा. आई म्हणते, पाहुणे आले तर पहिलं पान ती वाढेल. मीही तिच्यासोबत वाढायला बसणार आहे.